‘नको’ म्हणजे नकोच!

शिकायला जर्मनीत गेले, तेव्हा एका कुटुंबात राहिले होते. रात्रीचं जेवण तिथे बऱ्याच घरी थंडच. पाव, चीज, काकडी. पहिल्या दिवशी काकूंनी ‘अजून वाढू?’ विचारलं. मी संकोचून ‘डांके’ म्हटलं. अशा वेळी नुसतं ‘डांके’ म्हणजे ‘नको’! बशी उचलली गेली. आग्रह वगैरे काही नाही. उपाशी झोपताना वाटलं, किती कोरडी माणसं!

चौथ्या दिवशी धीर करून म्हटलं, ‘‘माझं पोट भरत नाही. भात करू का?’’

‘‘अगं, आधी नाही का सांगायचं?’’ म्हणत त्यांनी कपाटातला एक खण मला रिकामा करून दिला.

मैत्रिणींनो, लेकींना परदेशी पाठवताना लोणच्यासोबत हवं ते मागण्याचीही सवय द्या. ‘नको’ म्हणायला आपण शिकवलेलंच असतं.