मोडून पाहता येईल असा संगणक

मागच्या हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून अकोला जिल्ह्यातील एका शाळेत जाण्याचा योग आला. प्रदर्शन आटोपल्यावर मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने संगणक कक्ष दाखवला. दहा संगणक, त्यांवर स्वच्छ कापडी आवरणे आणि भिंतीवर ठळक अक्षरांत सूचना: ‘परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये.’ सोबतच्या नववीतल्या मुलाला मी विचारले, “यात आत काय काय आहे, ते कधी उघडून पाहिलेस का?” तो हळूच म्हणाला, “नाही सर. बिघडलं तं बाबाले बोलावतीन.”

मुलाचे काही चुकले नव्हते, शाळेचेही नाही. संगणक बंद पडला की दुरुस्तीला माणूस शहरातून यायचा, खर्च यायचा, आणि तोवर चाळीस मुलांचा तास बुडायचा. तरीही अमरावतीला परत येताना ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी कोणी ना कोणी विद्युत मंडल चुकीचे जोडतोच. अमीटर एकसर जोडायचा असतो, तो समांतर जोडला जातो, फ्यूज उडतो. तार बदलायला दोन मिनिटे लागतात, आणि तो विद्यार्थी ती चूक जन्मात पुन्हा करीत नाही. चूक स्वस्त असेल तरच मनुष्य धिटाईने शिकतो. फ्यूज हेच काम करतो. मग संगणकाला असा फ्यूज बसवता येणार नाही का?

येतो. त्याचे नाव आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन.

संगणक सुरू झाल्यावर त्याची स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक या सर्वांचा कारभार पाहणारी आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. एरवी एका संगणकावर एका वेळी एकच अशी प्रणाली राज्य करते. पण व्हर्च्युअलबॉक्ससारखी आज्ञावली घेतली, तर ती विंडोजच्या आतच एक लटका संगणक उभा करते. बाहेरची प्रणाली ही यजमान आणि आतली पाहुणी. पाहुणीला वाटते, आपल्याला स्वतंत्र यंत्र मिळाले आहे. प्रत्यक्षात तिची ‘हार्ड डिस्क’ ही यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते, आणि तिची रॅम ही यजमानाने काढून दिलेला वाटा असतो. तिच्या बहुतेक आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, म्हणून काम फारसे मंदावत नाही. मात्र सगळे यंत्र ताब्यात घेऊ पाहणारी आज्ञा आली, की ती मध्येच अडवली जाते.

ही कल्पना नवी नाही. एकच महागडा संगणक अनेकांना वापरता यावा, म्हणून आयबीएम कंपनीने १९६०च्या दशकात ती अमलात आणली. १९७२ साली तिची व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी अशा यंत्राच्या अटी शास्त्रशुद्ध रीतीने मांडल्या. पुढे २००५-०६ पासून घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमध्येच यासाठी खास सोय येऊ लागली. ती कधी कधी बंद ठेवलेली असते; पाहुणी सुरूच होत नसेल, तर बायॉसमध्ये जाऊन प्रथम ते पाहावे.

कृती सोपी आहे. यजमानाकडे ८ जीबी रॅम असेल, तर २ ते ४ जीबी पाहुणीला द्यावी. डिस्कसाठी २५ जीबी पुरते. डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्सची रूपे विनामूल्य मिळतात. आपल्याच सी-डॅक या संस्थेने २००७ साली आणलेली ‘बॉस’ ही डेबियनवरच आधारलेली आहे. उभारणी चालू असताना पडद्यावर एक प्रश्न येतो: ‘संपूर्ण डिस्क पुसून टाकू का?’ येथे मुलांचा हात थरथरतो. खुशाल ‘होय’ म्हणावे. पुसली जाते ती ती फाइल. शाळेच्या संगणकाला धक्का लागत नाही.

उभारणी झाली की पाहुणी बंद करून तिचा ‘स्नॅपशॉट’ घ्यावा, म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपून ठेवावी. मग मुद्दाम मोडतोड करावी. प्रणालीच्या फाइली पुसून पाहाव्यात, पुन्हा सुरू करताना ती कुठे अडते, काय संदेश देते, ते वहीत टिपावे. नंतर स्नॅपशॉटवर परत यावे. दोन मिनिटांत सारे पूर्ववत! हाच आपला फ्यूज.

यावर शिक्षकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. ‘आमचे संगणक जुने आहेत.’ खरे आहे. ४ जीबी रॅमवर दोन प्रणाली रडतखडत चालतात. पण सगळ्या कक्षाची गरज नाही, एक बरा संगणक पुरे. ‘आम्हालाच हे येत नाही.’ मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही आहेत. मुलांबरोबर बसून शिकण्यात कमीपणा नाही. पथ्येही आहेत. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि पाहुणी चालू असताना वीज गेली तर तिची फाइल बिघडू शकते, यूपीएस हवा. पाहुणीला नेटवर्क आणि सामायिक फोल्डर दिले असतील, तर व्हायरसला बाहेर यायला वाट राहते. मोडतोडीच्या वेळी दोन्ही बंद ठेवावीत.

आज या प्रश्नाला आणखी एक निकड आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि जुन्या संगणकांपैकी पुष्कळ विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांचे काय करायचे, हे शाळांना ठरवावेच लागेल. भंगारात काढण्याआधी दुसरी प्रणाली आभासी यंत्रात चालवून पाहिली, तर तो निर्णय अंदाजाने न होता अनुभवाने होईल.

शिक्षक बंधुभगिनींनो, भिंतीवरची सूचना काढा असे मी म्हणत नाही. नऊ संगणकांवर ती असू द्या. दहाव्यावर मात्र दुसरी लावा: ‘येथे मोडून पाहावे, आणि काय झाले ते लिहून ठेवावे.’ त्या मुलाच्या बाबांना शाळेत बोलवाच; पण पोराने काय शिकले, ते दाखवायला.