रद्दीत गेलेली वकिलात

दिवाळीच्या अंकात भांडणाचा लेख लिहू नये, असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटात मिठाचा खडा कशाला, असे संपादक म्हणतात आणि वाचकही म्हणतात. परंतु ज्या अपराधाबद्दल मला लिहायचे आहे तो आपल्याकडे नेमका दिवाळीच्या आठवड्यातच, घरोघर, हसतखेळत घडतो. शिवाय त्यातला पहिला आरोपी मी स्वतः आहे. तेव्हा मला दोन शब्द कडू बोलण्याचा अधिकार आहे, असे मी समजतो.

माझे मामा पेकिंगच्या भारतीय वकिलातीत टंकलेखक होते. १९५० नंतरची ती वर्षे. निवृत्त झाल्यावर ते सावद्याला आले, केळीच्या बागेत रमले आणि सोबत आणलेली पत्र्याची ट्रंक त्यांनी माळ्यावर टाकली. तीत त्यांच्या रोजनिशा होत्या, घरी लिहिलेली व घरून आलेली पत्रे होती, वरिष्ठांनी हातांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. मामा गेले. पुढे एका दिवाळीत घराला चुना द्यायचा होता, गडी खोळंबले होते. मामी म्हणाल्या, "अहो, त्यांचे कागद आहेत, एकदा बघून तरी टाका." मी बघितले नाही. रद्दीवाल्याने ट्रंक उपडी केली, कागद तराजूत घातले आणि वर मलाच ऐकवले, "भाऊ, कागद पातळ आहे, वजन भरत नाही."

वजन भरत नाही! त्या वाक्याचा अर्थ मला कळायला चार वर्षे लागली. पुण्याहून एक विद्यार्थी चीनविषयक अभ्यासासाठी माझा पत्ता शोधत आला. मी मोठ्या ऐटीत त्याला मामांची एक आठवण सांगितली. पेकिंगला दिवाळीत मामी चिवडा-शेव करीत आणि वकिलातीत काम करणारी चिनी माणसे मुलाबाळांसह फराळाला येत. एका दिवाळीला ताटे मांडून ठेवली आणि कोणीही आले नाही. पुन्हा कधीच आले नाही. विद्यार्थ्याने विचारले, "ते साल कोणते?" १९५७? १९५८? १९५९? मामा नेहमी म्हणत, "वहीत लिहिलेले आहे." वही कुठे होती? कोणाच्या तरी दुकानात तिच्या पुड्या झाल्या असतील.

यावर आमच्या गावचे एक शहाणे गृहस्थ मला म्हणाले, "कारकुनाच्या वहीने कुठे इतिहास ठरतो? खरे ते सारे सरकारच्या दप्तरात आहे." हा समज इतका पसरलेला आहे आणि इतका खोटा आहे, की त्याचा समाचार घेतलाच पाहिजे.

सरकारचे दप्तर म्हणता? १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला. सरकारने तो आजवर प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली लोकांना वाचायला मिळाला, तोही एका परदेशी पत्रकाराकडून! १९६० च्या एप्रिलमध्ये चाऊ एन-लाय दिल्लीला आले. नेहरूंशी त्यांच्या दिवसचे दिवस वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या. त्या दोघांत शब्दाला शब्द काय झाला, हे आज अभ्यासकांना वाचता येते ते कशामुळे? पी. एन. हक्सर यांच्या खाजगी कागदपत्रांत त्या वाटाघाटींच्या प्रती होत्या आणि ते कागद दिल्लीच्या तीनमूर्ती भवनातील संग्रहात जपले गेले म्हणून! सरकारची कुलपे बंद राहिली, एका माणसाचे कागद बोलले.

आपला मराठी माणूसच घ्या. औंधच्या राजघराण्यातले अप्पासाहेब पंत १९५५ पासून काही वर्षे गंगटोकला भारताचे प्रतिनिधी होते. तिबेटातली आपली ठाणीही त्यांच्याच देखरेखीखाली होती. तिबेट पेटत असताना त्यांनी जे पाहिले आणि लिहिले ते तीनमूर्तीच्या संग्रहात आहे, म्हणून आज त्याचा उपयोग होतो. वसंत वासुदेव परांजपे पेकिंगच्या विद्यापीठात चिनी शिकले आणि नेहरूंचे दुभाषे झाले. पुढे ते दक्षिण कोरियात राजदूत होते. दोन राष्ट्रांचे पुढारी बोलतात तेव्हा दोघांचेही बोलणे पुरते कळणारा माणूस एकच असतो, तो दुभाषा. त्याच्या टिपणवहीची किंमत कोणत्या तराजूने करणार?

आणि हे ज्ञान आपल्याला नवे आहे काय? पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे. त्यांच्या घराण्याने कागद जपले, म्हणून हिंगणे दप्तर छापून निघाले आणि पानिपताच्या काळातले दिल्लीचे राजकारण आपल्याला कळले. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर दारोदार हिंडले ते कशासाठी? लोकांच्या माळ्यांवरच्या आणि कोनाड्यांतल्या कागदांसाठीच! ते १९२६ साली धुळ्याला वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे आहे. त्याच खानदेशातला मी, आणि मी ट्रंक तराजूत घातली. याला नशीब म्हणू नका, याला बेअक्कल म्हणा.

दुसरा आक्षेप घरच्या अब्रूचा. पत्रांत नवराबायकोची भांडणे असतात, वरिष्ठांची उणी असतात, ती चारचौघांत कशाला? मान्य. पण त्यावर उपाय आहे. कागद देताना अमुक वर्षे उघडू नयेत अशी अट घालता येते. व्ही. के. वेलिंग्टन कू हे चीनचे नावाजलेले मुत्सद्दी. त्यांचे कागद न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहेत आणि त्यामुळे त्यांची अब्रू गेल्याचे कोणी ऐकलेले नाही. आपल्याकडे १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने राष्ट्रीय अभिलेखागाराला खाजगी कागद देणगी म्हणून स्वीकारण्याची मुभा दिली आहे. दार उघडे आहे. आपणच त्या दाराशी जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खानदेशी. "सावद्याचा आणि चीनचा संबंध काय?" वाचकहो, शेजारच्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खानदेशच्या शेतकऱ्यांपुढे त्यांनी त्या दिवसांत जगाच्या राजकारणाची चर्चा केली. ती ऐकायला जमलेल्या पिढीने "आमचा काय संबंध?" असे विचारले नाही. अठरा वर्षांनी त्याच नेहरूंच्या सरकारने चीनशी तिबेटचा करार केला, पंचशील त्याच्या प्रस्तावनेत आले. कराराची मुदत आठ वर्षे. १९६२ च्या जूनमध्ये ती संपली आणि ऑक्टोबरात सीमेवर तोफा सुरू झाल्या. त्या बर्फात महाराष्ट्रातली मुलेही पाठवली गेली. मैत्री नेमकी केव्हा आटली आणि ते कोणाच्या आधी लक्षात आले, हे विचारण्याचा हक्क त्यांच्या आयाबहिणींना नाही काय? सावद्याच्या स्टेशनावरून केळीच्या वॅगनी दिल्लीला गेल्या, त्यांची नोंद आम्ही घडाघडाने ठेवली. दिल्लीहून परत आलेल्या माणसाची नोंद मात्र किलोच्या भावाने विकली.

आजच्या मुलांना मी आणखी एक सांगतो. मामांची पत्रे निदान रद्दीत तरी गेली. तुमची पत्रे फोन बदलला की हवेत विरतात. तुमच्या घरातले कोणी परदेशी वकिलातीत असेल, सैन्यात असेल, तर त्याचे लिहिणे आजच छापून एका फाइलीत लावा.

माझे मागणे मोठे नाही. या दिवाळीत माळा झाडताना जुना कागद दिसला तर तो आधी वाचा. वाचायला वेळ नसेल तर बांधून ठेवा. त्यावर साल, गाव आणि माणसाचे नाव लिहा. घरात जागा नसेल तर धुळ्याला विचारा, पुण्याला विचारा, दिल्लीला लिहा. रद्दीवाल्याला सर्वांत शेवटी बोलवा.

मामी आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी फक्त एकदा सांगितले, दुसऱ्यांदा सांगितले नाही. भाच्याला काय, पुन्हा पुन्हा सांगायचे? तुमच्या घरातही कोणी तरी एकदाच सांगेल. त्या वेळी चुना वाळू द्या, गडी थांबू द्या, आणि ट्रंक उघडा.