आधी बियाणं, मग गड

पावसाळ्याच्या तोंडावर किलवणीच्या बाजूला शेतकऱ्याच्या घरी भाताचं, नागलीचं बियाणं वेगळं बांधून ठेवलेलं असतं. घरात धान्याची ओढ लागली तरी त्या गाठोड्याला हात लावायचा नाही, हा जुना नेम. आज संगणकावरच्या एका खेळाबद्दल लिहायचं आहे आणि त्याचं निम्मं मर्म या गाठोड्यातच आहे.

खेळाचं नाव ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’, म्हणजे बुटक्यांचा गड. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी तो २००६ मध्ये लोकांपुढे आणला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये तो आपल्या संग्रहात घेतला. मूळ खेळात चित्रं नव्हतीच, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांची, विकत घ्यायची आवृत्ती आली. अक्षरांची आवृत्ती आजही फुकट मिळते. एकदा उतरवून घेतला की खेळताना इंटरनेट लागत नाही.

सुरुवातीला मिळतात सात बुटके, एक गाडी आणि थोडं सामान. इथून वस्ती उभी करायची. घरातली मुलं पहिल्याच दिवशी मोठा दरबार खणायला घेतात आणि वर्षाच्या आत सगळे उपाशी मरतात. मग खेळ ‘बेकार’ ठरतो. म्हणून नवशिक्यांसाठी चार गोष्टी.

पहिली, जागा. झाडं, वाहतं पाणी आणि खाली माती असलेली जागा निवडा. भूजलाचा थर असलेली जागा टाळा. तिथं खणलं की भिंतीतून पाणी झिरपत राहतं. नदीच्या अगदी काठाला भगदाड पाडू नका.

दुसरी, शेत. डोंगराच्या पोटात मातीचा थर खणून छोटा वाफा करा आणि जांभळी अळंबी लावा. तिचं नाव प्लंप हेल्मेट. ती जमिनीखाली बारा महिने येते, कच्ची खाता येते आणि तिची दारूही होते. हो, या बुटक्यांना दारू लागतेच! ती नसेल तर ते पाणी पितात, पण कामात मंदावतात आणि कुरकुरतात. ताडी-मोहाच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको. लक्षात ठेवायचं ते एवढंच की अळंबी कच्ची खाल्ली किंवा तिची दारू काढली तर बी परत मिळतं; शिजवली तर मिळत नाही. म्हणून स्वयंपाकाच्या यादीत तिला मनाई करून ठेवा.

तिसरी, लाकूड. झाडं तोडून आधी पिंपं आणि खाटा करा. पिंपं नसतील तर दारू भरायची कशात?

चौथी, पाहुणे. पहिल्याच वर्षात नवे बुटके येऊन दाखल होतात, तुम्ही बोलावलेलं असो वा नसो. आपल्याला हे नवीन नाही. दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २,२०,४९० होती, २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. कारखान्यांमागे माणसं आली आणि त्यांना खोली, पाणी, बाजार सगळंच लागलं. म्हणून सात जणांचं भागलं म्हणून थांबू नका; वीस जणांना पुरेल एवढं अन्न आणि निजायला जागा आधीच करून ठेवा. दाराशी उचलता पूलही बांधा, कारण पाहुण्यांच्या मागोमाग शत्रूही येतात.

आणि काही सुचेनासं झालं की स्पेसची कळ दाबा. खेळ थांबतो, डोकं चालू राहतं.

एवढं करूनही गड पडेल. सगळ्यांचाच पडतो, हरण्यातच गंमत, असं या खेळाचे जुने खेळाडू सांगतात. पण तुमचं ते जग पुसलं जात नाही. त्याच पडक्या गडावर नवी तुकडी पाठवता येते.

पालकांना एक विनंती. मुलगा वा मुलगी हरून तोंड पाडून बसली, तर ‘वेळ फुकट घालवलास’ असं म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, आधी काय संपलं? अन्न, लाकूड की बियाणं? उत्तर शोधताना पोरांना जे उमगेल, ते पुढं घर चालवतानाही कामी येईल.