साक्षीदाराच्या पिंजऱ्यापलीकडे

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. त्याच्या मुळाशी डोळ्यांची पापणी होती. बँकेत डिजिटल पद्धतीने ओळख पटवून खातं उघडायचं तर तेव्हा कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत माणूस आहोत हे दाखवावं लागायचं. ॲसिडने ज्यांच्या पापण्या जळून गेल्या, त्यांना ते शक्यच नसतं. प्रज्ञा प्रसून यांना २०२३ मध्ये बँकेत हाच अनुभव आला. त्या स्वतः ॲसिड हल्ल्यातून वाचल्या आहेत आणि अशाच इतरांसाठी 'अतिजीवन' ही संस्था चालवतात. त्या एकट्या तक्रार करून थांबल्या नाहीत. इतर पीडितांना सोबत घेऊन त्यांनी याचिका केली. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं, आणि ओळख पटवण्याच्या पद्धती बदलण्यासाठी सरकारला व नियामक संस्थांना वीस निर्देश दिले. दृष्टिहीनांची याचिकाही सोबत होती, त्यामुळे लाभ त्यांनाही मिळाला. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. पापणी नसलेला चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर कधी आलाच नव्हता, एवढंच. गुन्ह्यातून वाचलेली माणसं एकत्र येतात, एकमेकांना सावरतात, तेव्हा कायदा नेमका कुठे तोकडा पडतो याचं असं ज्ञान त्यांच्यापाशी साठत जातं की ते मंत्रालयातल्या फायलींत सापडत नाही. आपली न्यायव्यवस्था मात्र हे ज्ञान मागत नाही. पीडिताला ती साक्षीपुरती बोलावते आणि साक्ष संपली की विसरते.

ॲसिड हल्ल्यांबाबतच्या कायद्याचा इतिहास पाहिला तर हे ठळकपणे दिसतं. लक्ष्मी अग्रवाल यांच्यावर २००५ मध्ये दिल्लीत हल्ला झाला, तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्यावेळी भारतीय दंडविधानात या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कलमही नव्हतं. २०१३ च्या दुरुस्तीने ते आलं: किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप आणि उपचारांचा खर्च भागेल इतका दंड. त्याच वर्षी मे महिन्यात नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला दिल्लीहून मुंबईत आलेल्या तरुणीवर वांद्रे टर्मिनसवर ॲसिड फेकलं गेलं आणि महिन्याभरात तिचा मृत्यू झाला. जुलैमध्ये न्यायालयाने लक्ष्मी यांच्या याचिकेवर आदेश दिला. दुकानदाराने विक्रीची नोंदवही ठेवावी, ग्राहकाचं ओळखपत्र पाहावं, अठरा वर्षांखालील कुणाला ॲसिड विकू नये. पीडितेला किमान तीन लाख रुपये भरपाई मिळावी आणि त्यातले एक लाख पंधरा दिवसांत हाती पडावेत. २०१५ मध्ये त्याच प्रकरणात खासगी रुग्णालयांनीही उपचार नाकारू नयेत, ते मोफत करावेत, असं सांगितलं गेलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिडपीडितांना दिव्यांगांत गणलं. पहिल्या तासांतला उपचार, पंधरा दिवसांत हाती येणारे पैसे, बाटली विकणारं दुकान, पुढे नोकरीची दारं: हल्ल्यानंतरचा एकेक दिवस ज्यांनी काढला आहे त्यांनाच ठाऊक असलेला हा क्रम आहे.

या माणसांना बोलण्याचं बळ येतं कुठून, हा प्रश्न कायद्याच्या चर्चेत सहसा निघत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात मांडलं आहे की अत्याचार माणसाला इतरांपासून तोडतो, म्हणून त्यातून सावरणंही एकट्याने होत नाही. ते माणसांच्या संगतीतच होतं. आग्र्यात २०१४ मध्ये सुरू झालेलं 'शीरोज हँगआउट' हे उपाहारगृह या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. ते चालवणाऱ्या बायका ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आहेत आणि ताजमहाल बघायला आलेल्या लोकांना त्या उघड्या चेहऱ्याने चहा देतात. रोजगार मिळतोच, पण आपल्यासारखीच दुसरी जवळ असते, आणि लाज कुणी बाळगायची याचा निवाडा रोज नव्याने होतो. पुन्हा माणसांत बसण्याची ही उमेद आली, तरच कुणी याचिकेवर सही करतं, वकिलाला उलटा प्रश्न विचारतं, पत्रकारांसमोर उभं राहतं. म्हणून सावरणं आणि कायद्यासाठी झगडणं यांची दोन खाती करता येत नाहीत. सरकारने मात्र ती केली आहेत. समुपदेशन एका विभागाकडे, कायदा दुसऱ्याकडे, आणि पीडित दोन्हीकडे 'लाभार्थी'.

चिकाटीचा मुद्दाही आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला आग लागली आणि ५९ माणसं गुदमरून मेली. आपली माणसं गमावलेल्या कुटुंबांनी काही दिवसांतच संघटना बांधली. खटला लांबत गेला, आणि न्यायालयाच्या ताब्यातलीच काही कागदपत्रं गहाळ झाली, काही फाडली गेली. या कुटुंबांनी तो माग सोडला नाही आणि २०२१ मध्ये पुराव्यांत फेरफार केल्याबद्दल चित्रपटगृहाचे मालक दोषी ठरले. चोवीस वर्षांत तपास अधिकारी बदलतात, सरकारी वकील बदलतात, न्यायाधीश निवृत्त होतात. प्रकरणाची आठवण सलग जपणारं तिथे फक्त त्या कुटुंबांची संघटना होती.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो कायद्याच्या जाणकारांकडूनच येतो. पीडित संतापलेले असतात, त्यांच्या हाती धोरण दिलं तर कायदा सूडाकडे झुकेल, आरोपीच्या हक्कांवर गदा येईल. ही भीती निराधार नाही; एखाद्या भीषण घटनेनंतर फाशीची मागणी किती वेगाने पसरते हे आपण अनेकदा पाहिलं आहे. पण तो आवाज बहुतेक वेळा एकेकट्या दुःखाचा, किंवा त्या दुःखाच्या नावाने ओरडणाऱ्या गर्दीचा असतो. वर्षानुवर्षं एकत्र बसलेल्या पीडितांच्या मागण्या वेगळ्या असतात. वांद्र्याच्या प्रकरणात २०१६ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. या दोन्ही निकालांनी ॲसिडची विक्री कमी होणार नव्हती. नोंदवही आणि ओळखपत्र यांचा आग्रह त्यासाठी होता. हर्मन यांनी २०२३ च्या पुस्तकासाठी अत्याचारातून वाचलेल्यांना न्याय म्हणजे काय असं विचारलं, तेव्हाही बहुतेकांना शिक्षेपेक्षा समाजाने सत्य मान्य करणं महत्त्वाचं वाटलं. एखाद्या आरोपीला किती शिक्षा द्यायची हे न्यायाधीशानेच, पुराव्यावर ठरवावं. त्या अधिकारात पीडितांनी वाटा मागावा असं मी म्हणत नाही. नियम बनवताना आणि ते पाळले जातात का हे तपासताना त्यांना जागा हवी.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. ज्यांनी आधीच सोसलं त्यांच्याच खांद्यावर सुधारणेचं ओझं का? दरवेळी तीच कहाणी सांगायला लावणं हा नवा छळच असतो, आणि शहरातल्या, वकील गाठू शकणाऱ्या मोजक्यांचा आवाज सगळ्यांचा म्हणून खपतो. राजस्थानच्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये बलात्कार झाला, त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, देशभरच्या नोकरदार स्त्रियांना संरक्षण मिळालं. त्यांच्या स्वतःच्या खटल्यात मात्र १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले होते. एकट्या बाईच्या यातनेवर कायदा उभा राहिला आणि ती तिथेच राहिली. यावर उत्तर एकच दिसतं: सहभाग स्वेच्छेचा असावा, त्याला मानधन असावं, तो व्यक्तीपेक्षा संघटनेमार्फत व्हावा, म्हणजे आज जिला बोलणं झेपत नाही तिच्या जागी दुसरी बोलेल. भोपाळच्या वायुपीडित बायकांनी हे करून दाखवलं आहे. त्यांच्या संघटनेत गरीब वस्त्यांतल्या, कधी घराबाहेर न पडलेल्या स्त्रिया होत्या, आणि दशकानुदशकं दर शनिवारी त्या एका बागेत जमत राहिल्या.

बांगलादेशाचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. तिथे १९९९ मध्ये ॲसिड सर्व्हायव्हर्स फाउंडेशन उभं राहिलं; उपचार, कायदेशीर मदत आणि पीडितांचा एकमेकांना आधार हे सारं एका छताखाली आलं. २००२ मध्ये ॲसिडच्या विक्रीवर आणि हल्ल्यांवर असे दोन कायदे झाले. त्या वर्षी जवळजवळ पाचशे घटना घडल्या होत्या. दहा-बारा वर्षांत वर्षाचा आकडा शंभराच्या खाली आला. श्रेय एकट्या संघटनेचं नाही, पण तिच्याशिवाय ते कायदे रेटणारं कोण होतं? आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत शाळकरी मुलीवर हल्ला झाला, तेव्हा ॲसिड ऑनलाइन मागवलं होतं असं पोलिसांनी सांगितलं. २०१३ च्या आदेशातली नोंदवही दुकानाच्या गल्ल्यावरच राहिली होती, आणि बाजार तोवर मोबाइलवर गेला होता.

महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यांतल्या पीडितांना तिच्यातून मदत मिळते, आणि कमाल रक्कम पुढे दहा लाखांपर्यंत वाढवली गेली. मंजुरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असते. तिथल्या बैठकीत, ज्यांनी ही मदत स्वतः घेतली आहे अशा किमान दोन व्यक्तींना कायम जागा द्यावी. पैसे किती दिवसांत मिळाले, पोलीस ठाण्यातून कोणता कागद अडला, समुपदेशन किती भेटींनंतर थांबलं, याचा वार्षिक अहवाल त्यांच्या सहीशिवाय पुढे जाऊ नये. ॲसिड विकणाऱ्या दुकानांच्या तपासणीत जिल्हाधिकाऱ्यांच्या पथकासोबत त्यांच्या संघटनांना घ्यावं, ऑनलाइन विक्रीही त्या तपासणीत यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्य सरकारचा एक शासन निर्णय पुरेसा आहे, आणि तो विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनाआधी काढता येईल.