नाणेघाटाची जकात

थंडीचे दिवस लागले कीं घरोघरीं एका दिवसाच्या सहलीचे बेत सुरू होतात. मुलांना हुंदडावयास मोकळी जागा हवी असते, वडील माणसांना कांहीं पाहावयाचें असतें, आणि गृहिणीला निदान एक दिवस स्वयंपाकघरापासून सुटका हवी असते. या सदरांतून आम्ही नेहमींच अशा स्थळांची ओळख वाचकांस करून देत असतों. या खेपेचें स्थळ मात्र नुसतें पाहून परतावें असें नाहीं. तेथें जाणारानें कांहीं देणें लागतो, असें आमचें मत आहे. तें स्थळ म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या ऐन कड्यावर असलेला नाणेघाट.

पुण्याहून पहाटे निघालें म्हणजे नारायणगांव व जुन्नर या मार्गानें सकाळच्या चहाफराळासह घाटघर गांवीं पोंचावयास चारएक तास पुरतात. जुन्नरपासून पुढचा सुमारें ३० किलोमीटरचा रस्ता चावंड किल्ल्याच्या बाजूनें डोंगरांत शिरतो. वाटेवर पूर या खेड्यांत कुकडेश्वराचें जुनें दगडी शिवालय आहे. कुकडी नदीचा उगम याच परिसरांतला. देवळाच्या भिंतींवरील कोरीव काम पाहण्यास अर्धा तास तरी राखून ठेवावा. पुढें जीवधन किल्ल्याचा कातळ आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका दिसूं लागला कीं घाटघर जवळ आलें असें समजावें.

येथें पहिलें काम म्हणजे गांवांतील एखादा माहितगार वाटाड्या बरोबर घेणें. आम्हांस जे गृहस्थ लाभले ते महादेव कोळी समाजाचे, साठीला टेकलेले शेतकरी होते. कोणत्या टाक्याचें पाणी पिण्याजोगें, कोणता दगड पायाखालीं सरकतो, वारा सुटला असतां कड्यापासून किती दूर राहावें, हें त्यांना तोंडपाठ होतें. ब्राह्मी लिपी त्यांना वाचतां येत नव्हती. पण लेख कोठून सुरू होतो आणि कोठें झिजला आहे, हें त्यांनीं बोट न लावतां दाखविलें. आमच्यांतील एका सुशिक्षित तरुणानें अक्षरांवरून बोटें फिरविण्यास हात पुढें केला, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "दादा, पावसानं जेवढं खाल्लं तेवढं पुरे आहे."

घाटमाथ्यावरून कातळाच्या अरुंद फटींतून वाट कोंकणाकडे उतरते, आणि थोडें उतरतांच तें प्रसिद्ध लेणें लागतें. त्याच्या मागील भिंतीवर एके काळीं सातवाहन राजपरिवाराच्या प्रतिमा होत्या. आज त्यांपैकीं एकहि शिल्लक नाहीं. तळाशीं पावलांच्या खुणा तेवढ्या ओळखूं येतात. वरचीं नांवें मात्र राहिलीं आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णि, महारठि त्रणकयिर, कुमार हकुसिरि आणि इतर. बाजूच्या भिंतींवर प्राकृत भाषेंतील मोठा लेख आहे. बहुतेक विद्वान् तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकांतला मानतात. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल यांना वंदन आहे. पुढें महिनामहिना उपवास करणाऱ्या, घरांत राहूनहि तापसीचें जीवन जगणाऱ्या एका स्त्रीचें वर्णन येतें; ही सातकर्णीची राणी नायनिका, म्हणजेच नागनिका, असें समजलें जातें. त्यानंतर अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांची, आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणीं यांची लांबलचक यादी आहे.

शाळकरी मुलांना या यादींतील आंकडे अवश्य समजावून सांगावेत. ही पद्धत आपल्याहून निराळी आहे. तींत शून्य नाहीं. १०, १०० व १,००० यांना स्वतंत्र चिन्हें आहेत, आणि ४०० लिहावयाचे तर १०० च्या चिन्हास ४ चें चिन्ह जोडलेलें आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत या आंकड्यांचा उलगडा केला, आणि जर्मन पंडित ब्यूलर यांनीं १८८३ सालीं हा लेख भाषांतरासह प्रसिद्ध केला.

लेणें पाहून पुन्हा माथ्यावर आलें म्हणजे एक मोठा दगडी रांजण दृष्टीस पडतो. घाटानें जाणाऱ्या मालाच्या जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, अशी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली समजूत आहे. सोपारा व कल्याण या बंदरांतला माल याच वाटेनें जुन्नरास आणि तेथून पैठणास जात असे. जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत यवनांचीं नांवें आढळतात, तीं या व्यापाराचीच साक्ष देतात. राणीनें दिलेल्या दानाचा हिशेब कातळावर कोरला गेला. परंतु ज्यांच्या पाठीवरून तें धन हा घाट चढून वर आलें, त्यांचें नांव कोणत्याच भिंतीवर नाहीं. पुढें बोरघाटांत १८३० सालीं गाडीरस्ता झाला, १८६३ सालीं आगगाडी धांवूं लागली, आणि नाणेघाटासारख्या पाऊलवाटांचें महत्त्व ओसरलें. रांजण राहिला, जकात बंद झाली.

दुपारीं आम्ही वाटाड्याच्याच घरीं जेवलों. तांदळाची भाकरी, पिठलें, ठेचा आणि नव्या तांदळाचा वाफाळलेला भात. घरची बाई सांगत होती: पावसाळ्यांत भात आणि नाचणी, चैत्र-वैशाखांत रानांत हिंडून बाळहिरडा गोळा करावयाचा, वाळवून व्यापाऱ्यास घालावयाचा, वर्षाचें मीठमिरची आणि कापडचोपड त्यावर निघतें. पावसाळ्यांत येथला वारा कड्यावरून कोसळणारें पाणी उलट आकाशांत उडवितो, हें पाहावयास हजारों लोक येतात. तोच पाऊस कातळावर ठरत नाहीं, आणि वैशाखांत एका हंड्यासाठीं दूरवर चालावें लागतें. "समदं पानी खाली निघून जातं, ताई," ती म्हणाली, "आमच्याकडं नुसता त्याचा आवाज ऱ्हातो."

त्यांचा मुलगा शहराजवळच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. "आमच्यामागं ही वाट कोण दाखवणार?" असें बापानें विचारलें असतां त्यानें उलट विचारलें होतें, "बघायला येनारे दिवसाला किती देतात?" प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि त्याचें उत्तर त्या मुलाकडे नसून आपणांकडे आहे.

म्हणून आमची वाचकांस अशी सूचना आहे कीं, नाणेघाटास जातांना आपली जकात बरोबर घेऊन जावी. वाटाड्याची मजुरी आधीं ठरवावी आणि ती ठरवितांना भाजीबाजारांतली घासाघीस घरीं ठेवावी. शिदोरीचे डबे भरून नेण्याऐवजीं गांवांत आगाऊ सांगून जेवण करवावें व त्याचे योग्य दाम द्यावेत. उन्हाळ्यांत गेल्यास पिण्याचें पाणी आपलें आपण न्यावें. नेलेला कागद, बाटली, पिशवी तशीच परत आणावी. लेण्यांत खडूनें, खिळ्यानें किंवा आणखी कशानें आपलें नांव लिहूं नये. तें स्मारक केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे हें तर खरेंच, पण दोन हजार वर्षांपूर्वींच्या अक्षरांशेजारीं आपलें नांव शोभेल कीं नाहीं, याचा विचार ज्याचा त्यानेंच करावा.

भग्नावशेष पाहून आपण हळहळतों. ज्यांच्या घरांवरून त्या अवशेषांकडे वाट जाते, तीं माणसें अद्याप तेथें आहेत, आणि त्यांच्यासाठीं करण्याजोगें पुष्कळ उरलें आहे. मार्गशीर्ष ते माघ हा काळ या सहलीस उत्तम. सूर्यास्तापूर्वीं घाटघर सोडावें. डोंगरांतील रस्ता अंधारांत नवख्यांच्या कामाचा नाहीं.