विश्लेषण : डब्यांचा क्रम ठरवतो प्रवासाचा दर्जा; सामान्य प्रवासी मात्र गाडीच्या टोकाला

भिलाई (छत्तीसगड) : हावडा-नागपूर-मुंबई या मुख्य लोहमार्गावरील भिलाई पॉवर हाऊस स्थानकालगत कॅम्प-१ ही श्रमिकांची जुनी वस्ती आहे. १९५९ मध्ये धगधगू लागलेल्या भिलाई पोलाद कारखान्यातून देशभरातील लोहमार्गांना रूळ पुरवले जातात. त्याच रुळांवरून धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत या वस्तीतील कामगाराला जागा कुठे मिळते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा एकच असते : इंजिनाला लागून अथवा अगदी शेवटी.

गाडीच्या डब्यांची मांडणी ही वरवर पाहता तांत्रिक बाब वाटते. प्रत्यक्षात इंजिनाची क्षमता, फलाटाची लांबी, सुरक्षितता आणि महसूल या चारही घटकांचा मेळ तीत घातलेला असतो. या मार्गावरील नेहमीच्या गाडीत पुढे इंजिन, त्यामागे सामान व गार्डचा किंवा वीजनिर्मितीचा डबा, मग सामान्य डबे, त्यानंतर शयनयान व वातानुकूलित डबे आणि अखेरीस पुन्हा सामान्य व गार्डचा डबा असा सर्वसाधारण क्रम आढळतो. रसोईयान बहुधा शयनयान आणि वातानुकूलित डब्यांच्या सांध्यावर असते. आरक्षित डब्यांतून आतल्या आत ये-जा करता येते. सामान्य डबे मात्र बहुतेक वेळा त्यापासून बंद केलेले असतात. परिणामी रसोईयानातील जेवणही तेथवर पोहोचत नाही.

गाडी किती डब्यांची असावी, यालाही मर्यादा आहे. जुन्या आयसीएफ बनावटीचा डबा सुमारे २२ मीटरचा होता आणि अशा २४ डब्यांची गाडी चालत असे. या डब्यांचे उत्पादन २०१८ च्या प्रारंभी थांबले. त्यांची जागा घेणारा एलएचबी डबा जवळपास २४ मीटर लांब असल्याने २२ डब्यांतच जवळपास तेवढीच लांबी भरते. दोन डबे कमी झाले, तरी प्रत्येक डब्यातील जागा वाढल्या. शयनयानात ७२ ऐवजी ८०, तृतीय वातानुकूलित डब्यात ६४ ऐवजी ७२ आणि सामान्य डब्यात ९० ऐवजी १०० जागा मिळतात. त्यामुळे एकूण आसनसंख्येपेक्षा त्या २२ डब्यांची वाटणी कशी होते, हाच खरा प्रश्न आहे.

रेल्वे मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, प्रचलित धोरणात २२ डब्यांच्या मेल-एक्सप्रेस गाडीसाठी १२ सामान्य व शयनयान डबे आणि ८ वातानुकूलित डबे अशी रचना अपेक्षित आहे. तरीही गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांमध्ये शयनयान डबे कमी होऊन वातानुकूलित डबे वाढल्याच्या तक्रारी प्रवासी संघटनांनी केल्या. यामागील आर्थिक गणित सरळ आहे. शयनयान आणि तृतीय वातानुकूलित डब्यांतील जागांत फारसा फरक नसला, तरी वातानुकूलित डब्याचे भाडे शयनयानाच्या सुमारे अडीचपट असते. या बदलाचा भार शेवटी सामान्य डब्यांवर पडतो, कारण शयनयानात जागा न मिळालेला प्रवासी तेथेच लोटला जातो. ही टीका तीव्र झाल्यावर २०२४ मध्ये रेल्वेने सुमारे ३७० गाड्यांना एक हजारांहून अधिक सामान्य डबे जोडण्याचे जाहीर केले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये पूर्णतः बिगर-वातानुकूलित 'अमृत भारत' गाडी सुरू झाली होती.

अमृत भारत गाडीचे दुसरे वैशिष्ट्य तिच्या इंजिनांच्या मांडणीत आहे. एक इंजिन पुढे ओढते आणि दुसरे मागून रेटते. महाराष्ट्रातील प्रवाशांना हे तत्त्व नवे नाही. मुंबईहून नागपूरमार्गे दुर्ग-भिलाईकडे येणाऱ्या गाडीला कसारा ते इगतपुरी दरम्यानचा १:३७ चढ पार करताना मागून जादा 'बँकर' इंजिने लावावी लागतात. ती जोडण्यात आणि सोडण्यात वेळ जातो. हा वेळ वाचवण्यासाठी २०१९ मध्ये मध्य रेल्वेने मुंबई-हजरत निजामुद्दीन राजधानी एक्सप्रेसला दोन्ही टोकांना इंजिने लावण्याचा प्रयोग केला आणि तो यशस्वी ठरला.

इंजिनावरूनच डब्यांना वीज पुरवण्याच्या पद्धतीनेही मांडणी बदलली. पूर्वी एलएचबी गाडीच्या दोन्ही टोकांना डिझेल जनित्राचे डबे अनिवार्य होते. आता बहुतेक गाड्यांत त्यांपैकी एकच राखीव म्हणून पुरतो. दुसऱ्याच्या जागी सामान व गार्डचा डबा येतो आणि त्यात काही प्रवाशांचीही सोय होते. दिव्यांगांसाठीचा कक्ष मात्र याच डब्यात असतो. ज्यांना फलाटावर सर्वांत कमी चालावे लागायला हवे, त्यांनाच सर्वांत दूर जावे लागते, ही या रचनेतील ठळक विसंगती होय.

सुरक्षिततेच्या दृष्टीने टोकाच्या डब्यांचा विचार अधिक गंभीर आहे. समोरून अथवा मागून धडक बसली, तर पहिला आघात याच डब्यांवर होतो. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळील बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेसच्या दुर्घटनेत २९० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यात पुढील भागातील सामान्य डब्यांची मोठी हानी झाली. याउलट १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, तेव्हा शेवटी असलेल्या पार्सल डब्यांनी आघाताचा बराचसा भाग झेलला. टोकाला सामानाचा डबा ठेवण्याचा जुना संकेत किती उपयुक्त आहे, हे यावरून दिसते. एलएचबी डबे एकमेकांवर चढू नयेत अशी त्यांच्या जोडणीची रचना असली, तरी टोकाचा धोका त्यामुळे पूर्णतः नाहीसा होत नाही.

सर्व सामान्य डबे मधोमध ठेवले, तर प्रश्न सुटेल का? तसेही नाही. मध्यभागी गर्दी एकवटल्यास पादचारी पूल आणि जिन्यांवर चेंगराचेंगरीचा धोका वाढतो. दोन्ही टोकांना विभागणी करण्यामागे गर्दी विखुरण्याचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. मात्र दोन मिनिटांच्या थांब्यात मुलाबाळांसह फलाटाच्या टोकापर्यंत धावणाऱ्या कुटुंबाला त्याची किंमत मोजावी लागते.

मागणी आणि मांडणी यांचा मेळ चुकल्याचे उदाहरण याच मार्गावर आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली बिलासपूर-नागपूर वंदे भारत एक्सप्रेस १६ डब्यांची होती. प्रतिसाद मर्यादित राहिल्याने २०२३ मध्ये ती ८ डब्यांवर आणावी लागली. इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या गाडीला सणासुदीत एखादा डबा जोडता किंवा काढता येतो. वंदे भारतसारख्या स्वयंचलित संचात मात्र कर्षणयंत्रणाच डब्यांमध्ये विभागलेली असल्याने संपूर्ण संच बदलावा लागतो. अशा संचांकडे वळताना ही लवचीकता गमावली जाते, याची नोंद नियोजनकर्त्यांनी घ्यायला हवी.

यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. १२ बिगर-वातानुकूलित डब्यांचे धोरण प्रत्येक गाडीत पाळले जाते की नाही, हे जाहीरपणे तपासता आले पाहिजे. प्रवासी आणि टोक यांच्यामध्ये सामानाचा डबा असणे हा अपवाद नव्हे, तर नियम असावा. मधल्या लहान स्थानकांवरही डबा कुठे थांबेल, याची खात्रीशीर सूचना मिळायला हवी. त्यांपैकी एकाही उपायासाठी नवा लोहमार्ग टाकावा लागत नाही. उपलब्ध २२ डब्यांचा विचार कोणाला डोळ्यांसमोर ठेवून करायचा, एवढेच ठरवावे लागते.