वेगाच्या शाळेतील पहिला धडा

घरात मोटार आली की चार-सहा वर्षांत तिचे चाक मुलांच्या हाती देण्याचा प्रसंग येतोच. अठरा वर्षे पूर्ण झाली की परवाना मिळतो, आणि नेमक्या त्याच वयात वेगाची ओढही मनात जागी झालेली असते. ही ओढ म्हणजे निव्वळ उनाडपणा, असे समजून ती दडपून टाकणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. परंतु दडपलेली हौस नाहीशी होत नाही. ती रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर आपली वाट शोधते, आणि तेथे तिला शिकविणारा कोणी नसतो. म्हणून घरातील मुलाने किंवा मुलीने, "मला शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवावयास शिकावयाचे आहे," असे म्हटले, तर आईवडिलांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. या शिक्षणात काय असते, त्यातून काय मिळते आणि कशापासून जपावे लागते, हे आधी समजून घ्यावे.

आपल्या देशात हा खेळ नवा नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ साली झाली. मद्रासजवळच्या शोलावरम् येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर त्या काळी शर्यती होत आणि त्या पाहण्यास मोठी गर्दी लोटत असे. पुढे याच क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे खास शर्यतींसाठी ट्रॅक बांधला. तो १९९० साली सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर आहे. कोइंबतूरजवळ २००३ साली कारी मोटर स्पीडवे उभा राहिला. मारुती गाडीचे इंजिन वापरून नवोदितांना परवडेल अशी शर्यतीची गाडी तयार करणारे एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५ किलोमीटरहून थोडे अधिक लांबीचे असून तेथे २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वनची शर्यत झाली. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय नरेन कार्तिकेयन यांनीही आरंभी फ्रान्समधील एका शर्यतशाळेत धडे घेतले होते आणि नंतर करिवर्धन यांच्या फॉर्म्युला मारुतीत ते शर्यती धावले. सांगावयाचे इतकेच, की ही विद्या गुरूवाचून येत नाही.

नवशिक्याच्या पहिल्या दिवसाचा आरंभ गाडीत होत नाही, तो फळ्यासमोर होतो. निशाणांचा अर्थ आधी पाठ करून घेतात. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे धावणे थांबले, सावकाश परत या. निळे म्हणजे मागून अधिक वेगाची गाडी येत आहे. काळे निशाण दाखविले की त्या चालकाने मुकाट्याने आत यावयाचे. आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींचे म्हणजे फेरी संपली. ज्याला निशाण दिसूनही मानावेसे वाटत नाही, त्याला ट्रॅकवर स्थान नाही. वाहतुकीचा दिवा लाल झाल्यावरही गाडी दामटणाऱ्या आपल्या शहरांतील चालकांना हा फळ्यासमोरचा तासच अधिक उपयोगी पडेल.

त्यानंतर बसावयास शिकवितात. हे ऐकून हसू येईल. परंतु वर्षानुवर्षे गाडी चालविणारेही चुकीचे बसतात. पाठ आसनाला पूर्ण टेकलेली असावी. ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा किंचित वाकलेलाच राहावा. खांदे आसनाला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पोहोचावे. हात घड्याळातील नऊ आणि तीन या अंकांच्या जागी असावेत. ऐन संकटात पायाला जोर हवा असतो. आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसलेला मनुष्य तो जोर लावू शकत नाही.

आता मुख्य गोष्ट. वेगाच्या शाळेत पहिला धडा वेग वाढविण्याचा असेल, अशी सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात तो थांबण्याचा असतो. शिक्षक सरळ पट्टीवर गाडी वेगात नेण्यास सांगतो आणि ठरलेल्या खुणेशी येताच ब्रेक पूर्ण ताकदीने दाबावयास लावतो. बहुतेक नवशिके पहिल्या खेपेस अर्धाच जोर लावतात, कारण जन्मात त्यांनी ब्रेक असा दाबलेलाच नसतो. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत चाके जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची आहे. ही यंत्रणा काम करू लागली की ब्रेकचा दांडा पायाखाली थरथरतो व करकर असा आवाज होतो. ज्याला हे ठाऊक नसते तो घाबरून पाय उचलतो, म्हणजे ज्या क्षणी पाय रोवून धरावयाचा त्याच क्षणी तो सोडून देतो. ट्रॅकवर दहा वेळा हा अनुभव घेतलेला पाय रस्त्यावर दगा देत नाही. ब्रेक दाबून धरला असतानाही स्टिअरिंगने गाडी वळविता येते, हेही त्याच वेळी उमगते.

या पाठात एक हिशेबही दडलेला आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक लागल्यापासून थांबण्यापर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पूर्ण ब्रेक लावल्यास साधारण १२ मीटरांत थांबते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारीला सुमारे ५० मीटर लागतात. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात दुसरी गाडी आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते. हे आकडे पुस्तकात वाचून मनावर ठसत नाहीत. समोर मांडलेले शंकू ओलांडून गाडी दूर जाऊन थांबली, की ते कायमचे ठसतात.

दुसरा धडा डोळ्यांचा आहे. नवशिका गाडीच्या नाकासमोरील जमीन पाहतो. शिक्षक त्याला वळणाच्या शेवटाकडे पाहावयास सांगतो. हात नेहमी डोळ्यांच्या मागे जातात. घसरू लागलेली गाडी भिंतीवर आदळण्याचे एक कारण हेच, की घाबरलेला चालक त्या भिंतीकडेच टक लावून पाहत असतो. दृष्टी मोकळ्या जागेकडे ठेवली तर हातही तिकडेच वळतात.

तिसरा धडा टायरांचा. एवढी मोठी गाडी जमिनीला जेथे टेकते तो भाग एका टायराला जेमतेम तळहाताएवढा असतो. या चार तळहातांत जी पकड असते, तीतूनच ब्रेक, वळण आणि गती या तिघांचा खर्च भागवावयाचा असतो. पगार एकच आणि खर्चाच्या बाबी तीन, असा हा संसार आहे. एका बाबीवर सारे उधळले की दुसरीसाठी काही उरत नाही. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावयाचा, मग वळावयाचे, आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागले की हलकेच गती द्यावयाची. वळणाच्या मध्यावर वेग जास्त झाल्याचे ध्यानात येऊन जो एकदम पाय काढतो किंवा ब्रेक मारतो, त्याच्या गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा पार्श्वभाग बाहेर भिरकावला जाण्याचा धोका निर्माण होतो. सावकाश आत शिरणारा वेगाने बाहेर पडतो, असे शर्यतपटू म्हणतात ते याचसाठी.

हे सर्व ऐकून, "मग प्रत्येक तरुणाला ट्रॅकवर पाठवावे," असे म्हणण्याचा मोह होईल. येथे जरा थांबावयास हवे. नॉर्वेने १९७९ साली नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले. हेतू उत्तम होता. परंतु पुढे केलेल्या पाहणीत तरुण पुरुषांचे अशा रस्त्यांवरील अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले. कौशल्य थोडे वाढले आणि आत्मविश्वास त्याहून कितीतरी अधिक वाढला, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. घसरलेली गाडी आपण सावरू शकतो असे ज्याला वाटते, तो घसरण्याइतक्या वेगाने जावयास कचरत नाही. अर्थात ट्रॅकवरून मुलगा काय शिकून आला याहून, तो काय समजून आला, हे घरच्यांनी पाहणे अगत्याचे आहे. "बाबा, गाडी थांबावयास किती लांब जाते!" असे म्हणत तो परतला, तर पैसे सत्कारणी लागले. "आता मला काही होणार नाही," असे म्हणत परतला, तर गाडीची किल्ली काही दिवस आपल्याच खिशात ठेवावी.

काही गोष्टी ट्रॅकवरच सोडून यावयाच्या असतात. तेथे वळणाच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेला आणि पुन्हा बाहेरच्या कडेला, असा संपूर्ण रुंदीचा वापर करतात. त्यामुळे वळण सौम्य होते. घाटात हेच केले तर समोरून येणाऱ्या एस.टी.शी गाठ पडेल. ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात. तेथे शाळेतून परतणारी मुले नसतात, गुरे नसतात, दिवे न लावलेला ट्रॅक्टरही नसतो. आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितलेले बरे.

व्यवहाराच्या बाजूही आहेत. घरची गाडी ट्रॅकवर नेण्यापूर्वी विम्याचा कागद वाचावा. शर्यत व वेगचाचणी यांतील नुकसान सामान्य मोटारविम्यात धरलेले नसते. म्हणून आरंभी प्रशिक्षण संस्थेचीच गाडी वापरणे शहाणपणाचे. स्वतःची गाडी न्यावयाचीच असेल, तर टायर, ब्रेकचे पॅड आणि ब्रेकचे तेल तपासून घ्यावे; जुन्या तेलात पाणी मुरलेले असते, ते अति तापले की उकळते आणि ब्रेक पोकळ लागतो. गाडीतील बाटल्या, छत्र्या, पायपुसणी अशा सुट्या वस्तू बाहेर काढाव्यात. सुती कपडे, पातळ तळव्याचे बंद बूट आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट असावे. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि गाडी थांबविल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नये.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील दर दहांपैकी सुमारे सात मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. या आकड्यामागे तितकीच घरे आहेत. वेगाची हौस असलेल्या मुलाला, वाचकहो, नुसते "हळू चालव" म्हणून भागत नाही. हळू का, हे त्याच्या पायाला आणि डोळ्यांना समजावे लागते. एका दिवसाच्या शिक्षणाने कोणी शर्यतपटू होत नाही. पण गाडीलाही मर्यादा आहे आणि आपल्यालाही, हे त्या दिवशी कळले, तर पुढची चाळीस वर्षे तो मनुष्य रोज संध्याकाळी सुखरूप घरी येईल.